झोप, स्वप्न आणि जाणीव: बौद्ध परंपरा आणि मेंदूविज्ञानाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकच्या एका स्लीप लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. लोक बहुतेक घोरण्याच्या तक्रारीवरून येतात. मी त्यांच्या डोक्याला तारा लावते, ते झोपतात, आणि मी शेजारच्या खोलीत चहा पीत त्यांच्या झोपेच्या रेषा बघत बसते. शिवाय महिन्यातल्या एका रविवारी आम्ही दहाबारा जण पांडवलेण्यांच्या, म्हणजे इथल्या जुन्या बौद्ध लेण्यांच्या, पायथ्याशी जमून पाली सुत्तांची, म्हणजे बुद्धांच्या प्रवचनांची, मराठी भाषांतरं वाचतो. लॅबमधले पेशंट मला ध्यानाबद्दल विचारतात आणि रविवारची मंडळी मेंदूबद्दल. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा यायला लागले, म्हणून एकदाचे लिहून काढले. मी डॉक्टर नाही, आणि भिक्खुणी तर नाहीच नाही.

ताई, हा संवाद म्हणतात तो नेमका कोणाकोणात चाललाय?

१९८७ साली धरमशाळेत त्याला नीट सुरुवात झाली. फ्रान्सिस्को वरेला हे चिलीचे जीवशास्त्रज्ञ. मेंदूवर काम करायचे आणि स्वतः ध्यानही करायचे. त्यांनी आणि अ‍ॅडम एंगल या अमेरिकन वकील-उद्योजकाने दलाई लामांबरोबर मोजक्या शास्त्रज्ञांची बैठक जमवली. सकाळी एकाने आपला विषय मांडायचा, दुपारी सगळ्यांनी त्यावर बोलायचं, अशी साधी रीत होती. त्यातूनच पुढे 'माइंड अँड लाइफ' ही संस्था उभी राहिली.

आपल्या कामाची बैठक चौथी, १९९२ ची. विषय होता झोप, स्वप्न आणि मृत्यू. अपस्माराचे तज्ज्ञ जेरोम एंगल, तत्त्वज्ञ चार्ल्स टेलर, मनोविश्लेषक जॉइस मॅकडुगल आणि स्वप्नांच्या अभ्यासक जेन गॅकेनबाख असे लोक तिथे होते. हे दोन एंगल वेगळे बरं का, आमच्याकडे एकाने त्यांना भाऊच करून टाकलं होतं.

'विज्ञान' आणि बौद्ध धर्म असं म्हणायचं की 'मेंदूविज्ञान'?

मेंदूविज्ञान म्हणा, गोंधळ कमी होतो. कारण बौद्ध परिभाषेत रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान हे पाच स्कंध, म्हणजे माणूस ज्यांनी बनतो ते घटक, आहेत, आणि त्यातल्या 'विज्ञाना'चा, म्हणजे पालीतल्या 'विञ्ञाणा'चा अर्थ जाणीव. त्यामुळे मराठीत 'विज्ञान विज्ञानाचा अभ्यास करतं' हे वाक्य अगदी बरोबर ठरतं. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मी एकटीच हसत बसले होते.

झोपेत मेंदू बंद असतो ना?

नाही. एक रात्र कशी जाते तेच सांगते.

पेशंट साडेनऊच्या सुमाराला येतो. टेपने डोकं मोजायचं, पेन्सिलीने खुणा करायच्या, तिथली कातडी जराशी घासायची आणि पेस्ट लावून तारा चिकटवायच्या. दोन तारा डोळ्यांच्या कडेला, काही हनुवटीवर, काही पोटरीवर. छातीला पट्टा, बोटाला क्लिप. 'एवढ्या वायरींत झोप लागते का कुणाला?' हे प्रत्येक जण विचारतो, आणि त्यातले बहुतेक अकराच्या आत घोरायला लागतात.

पडद्यावर ३० सेकंदांचं एक पान असतं. जागेपणी रेषा बारीक आणि घाईघाईच्या. डोळा लागला की त्या मंदावतात. मग मध्येच छोट्या चात्यांसारखे लहरींचे पुंजके दिसतात, त्यांना स्पिंडल म्हणतात. गाढ झोपेत मोठ्या, संथ लाटा येतात. आणि साधारण तासा-दीड तासाने रेषा पुन्हा जागेपणीसारख्या बारीक होतात, हनुवटीची रेषा एकदम सपाट पडते, कारण स्नायू ढिले पडलेले असतात, आणि डोळ्यांच्या रेषा उड्या मारायला लागतात. हीच रेम झोप, म्हणजे 'रॅपिड आय मूव्हमेंट', डोळ्यांच्या जलद हालचालींची. शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की आणि नथानिएल क्लाइटमन यांनी १९५३ साली ती जगापुढे मांडली. फ्रान्सच्या मिशेल जुवे यांनी तिला 'विरोधाभासी झोप' म्हटलं, कारण मेंदू जागा आणि शरीर लुळं. हे चक्र सुमारे ९० मिनिटांचं असतं आणि रात्रीत चार-पाच वेळा फिरतं. मोठ्या माणसाच्या झोपेचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा रेमचा.

रेममधून उठवलं तर दहातले आठ जण स्वप्न सांगतात. पण इतर झोपेतही स्वप्नं पडतात, ती जरा फिकी आणि विचारांसारखी असतात. 'रेम म्हणजे स्वप्न' हे समीकरण शाळेच्या पुस्तकापुरतं ठीक आहे.

मला स्वप्नंच पडत नाहीत. काही बिघडलंय का?

पडतात. आठवत नाहीत इतकंच.

पहाटेचं स्वप्न खरं होतं म्हणतात, ते?

खरं होतं की नाही ते सोडा, पहाटेचं स्वप्न *लक्षात* मात्र राहतं. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त आणि रेमचे टप्पे पहाटेकडे लांबत जातात. आपण साखरझोप म्हणतो ती बरीचशी हीच. त्यातून थेट जाग आली की स्वप्न हातात येतं. मध्यरात्रीची स्वप्नं झोपेतच विरून जातात. मग शंभरातलं एखादं जुळलं की ते पहाटेचंच असणार, कारण आठवणीत तीच असतात.

आजी म्हणायची, पहाटेचं स्वप्न कुणाला सांगू नये. मला वाटतं यात श्रद्धेपेक्षा घरच्यांवरची दया जास्त होती.

बौद्ध ग्रंथांत स्वप्नांबद्दल काही आहे की सगळं ध्यानाबद्दलच?

भरपूर आहे, आणि अनपेक्षित जागी आहे.

'मिलिंदपञ्ह' म्हणजे ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांची प्रश्नोत्तरं. त्यात राजा विचारतो, स्वप्नं कोणाला पडतात? नागसेन सहा प्रकार सांगतो. वाताने, पित्ताने, कफाने बिघडलेल्याला, देवतेच्या प्रभावाखाली असलेल्याला, ज्याच्या मनात सवयीने तेच ते घोळतं त्याला, आणि पुढचं सूचित होणाऱ्याला. यातलं शेवटचं तेवढं खरं, बाकी खोटी. मग राजा आणखी चांगला प्रश्न विचारतो: स्वप्न बघणारा झोपलेला असतो की जागा? नागसेन म्हणतो, दोन्ही नाही. झोपेत उतरताना आणि पूर्ण बेभान होण्याआधी मध्ये एक अवस्था असते, तिला तो 'माकडझोप' म्हणतो. माकड कसं झोपल्यासारखं दिसतं आणि जरा खुट्ट झालं की टुणकन उठतं, तशी. जुवे यांच्या 'विरोधाभासी झोपे'च्या शेजारी हे ठेवून बघा. नागसेनाला रेम माहीत होती असं मी अजिबात म्हणत नाही. स्वप्नाला झोप आणि जाग या दोन डब्यांपैकी एकातही टाकता येत नाही, एवढं त्याने हेरलं होतं.

नंतरच्या अट्ठकथा, म्हणजे पाली ग्रंथांवरची भाष्यं, स्वप्नाची चार कारणं देतात: शरीरातल्या धातूंचा क्षोभ, पूर्वी अनुभवलेलं, देवतांनी आणलेलं आणि पूर्वसूचना. यातलं दुसरं आपल्याकडे म्हणीत आहे, मनी वसे ते स्वप्नी दिसे. पहिलंही ओळखीचं आहे. रात्री उशिरा मिसळ खाऊन झोपणाऱ्यांना विचारा. देवता आणि पूर्वसूचना या दोन कारणांचं मेंदूविज्ञानाकडे काहीच नाही, आणि तिथे उगाच पूल बांधायची गरज मला वाटत नाही.

स्वप्नात वाईट कृत्य केलं तर पाप लागतं का?

हा प्रश्न हसत विचारतात, पण विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, यावर खरोखरच निवाडा आहे. भिक्खूंसाठी वीर्यस्खलनाबद्दल एक गंभीर नियम होता. काहींना ते झोपेत झालं, ते घाबरले, प्रकरण बुद्धांपर्यंत गेलं. बुद्धांनी सांगितलं की स्वप्नात चेतना, म्हणजे हेतू, असतो, पण तो 'अब्बोहारिक' असतो. व्यवहारात धरायचा नाही. आणि नियमात 'स्वप्न वगळून' असे शब्द घातले गेले.

हा निवाडा मला फार आवडतो. 'स्वप्नात मन नसतंच' अशी पळवाट त्यात काढलेली नाही. मन आहे, इच्छा आहे, पण लगाम नाही. १९९० च्या दशकात रेम झोपेतल्या मेंदूची छायाचित्रं घेतली गेली, तेव्हा भावनांशी संबंधित भाग जोरात चालू आणि कपाळामागचा, विचार करून 'थांब' म्हणणारा भाग मंद असं दिसलं. पेशंटची बायको 'झोपेत मला मारतात' अशी तक्रार करते तेव्हा मला हटकून विनयपिटक आठवतं. त्यावरून निफाडकडच्या एका द्राक्ष बागायतदाराची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.

गृहस्थ साठीचे. झोपेत हातपाय झाडतात, दोनदा बायकोला लागलं, म्हणून मुलाने आणलं. पहाटे साडेतीनला रेम सुरू झाली आणि हनुवटीची रेषा सपाट पडायची ती पडलीच नाही. मग उजवा हात वर आला. अंगठा आणि बोटं मिटत होती, उघडत होती, थोडं सरकून पुन्हा मिटत होती. मी कॅमेऱ्यात दोन मिनिटं बघत राहिले तेव्हा कळलं, हे कात्री चालवतायत. गोडी छाटणी चालू होती. पुढे जाग आली तेव्हा मी विचारलं, काका, काय करत होता? म्हणाले, "छाटणी. पण वेलीला घड नव्हते, चपला लटकल्या होत्या." स्वप्न आहे हे कळत होतं का? "छे. कात्री तर खरीच होती की."

रेममध्ये स्नायूंना मिळणारा 'गप्प राहा' हा निरोप पोहोचला नाही की असं होतं. जुवे यांनी मांजरांच्या मेंदूतला तो भाग निकामी केला, तेव्हा झोपलेली मांजरं उठून शिकार करायला लागली होती. माणसात या आजाराला रेम बिहेवियर डिसऑर्डर म्हणतात आणि पुढे होणाऱ्या पार्किन्सनची ती आधीची खूण असू शकते. म्हणून घरात कोणी असं करत असेल तर 'झोपेत लढाई करतो' म्हणून हसण्यावारी नेऊ नका, मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा.

आणि 'कात्री तर खरीच होती' यावर: योगाचार परंपरेतले आचार्य वसुबंधू 'विंशतिके'त जवळपास हेच म्हणतात. स्वप्नात वस्तू नसते, तरी परिणाम खरा घडतो. त्यांनी दिलेलं उदाहरण वर विनयपिटकात आलंय तेच.

भवंग म्हणजे काय? कोणी म्हणतं ते अवचेतन मन आहे.

थेरवाद या जुन्या पाली परंपरेच्या अभिधम्मात, म्हणजे मनाची चिकित्सा करणाऱ्या ग्रंथांत, मन म्हणजे एकामागून एक उठणारे चित्तक्षण. बाहेरचं काही कळत नसतं तेव्हा जो प्रवाह चालू राहतो तो भवंग. गाढ झोपेत तोच असतो. 'अवचेतन' म्हटलं की आपल्याला तळघर आठवतं, तसलं तळघर इथे नाही.

अट्ठकथेतला दाखला बघा. आंब्याच्या झाडाखाली एक माणूस डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपलाय. वारा येतो, पिकलेला आंबा कानाजवळ पडतो. आवाजाने तो जागा होतो, डोळे उघडून बघतो, आंबा उचलतो, दाबतो, वास घेतो, खातो, आणि परत झोपतो. एक गोष्ट 'कळणं' म्हणजे एवढ्या पायऱ्या, आणि त्या सगळ्या १७ चित्तक्षणांत उरकतात असा हिशेब आहे.

आता माझ्या पडद्यावरचा आंबा. पेशंट हलक्या झोपेत आहे आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये कोणी स्टीलचा डबा पाडला. माणूस हलत नाही, श्वासही बदलत नाही. पण ईईजीच्या, म्हणजे मेंदूतली वीज टिपणाऱ्या आलेखाच्या, रेषेवर एक मोठी उंच-खोल लाट येते आणि पुन्हा सगळं शांत. तिला के-कॉम्प्लेक्स म्हणतात. मेंदूने आवाज घेतला, उठण्याइतका महत्त्वाचा नाही असं ठरवलं, आणि झोप राखली. सकाळी विचाराल तर त्याला काही माहीत नसतं. अभिधम्मातही याला जागा आहे. आलंबन, म्हणजे मनापुढे आलेला विषय, फारच क्षीण असेल तर भवंग नुसता थरथरतो आणि परत आपल्या प्रवाहात जातो, पुढची पायरी सुरूच होत नाही. आंबा पडला, पण कोणी उठलं नाही.

हे साम्य मला वेड लावतं. तरीही के-कॉम्प्लेक्स म्हणजे भवंगाची थरथर असं मी कुठे लिहिणार नाही. एक मोजमाप आहे, दुसरा आतून केलेला बारकाव्याचा विचार. दोघांनी एकाच घराचं वर्णन केलंय एवढंच वाटतं, आणि वाटणं हा पुरावा नव्हे.

मग गाढ, स्वप्न नसलेल्या झोपेत जाणीव असते का? शेवटी कोण बरोबर?

इथे खरं भांडण आहे. बरीच वर्षं मेंदूविज्ञानात जाणिवेची व्याख्याच अशी केली जायची: गाढ झोपेत जी जाते आणि उठल्यावर जी परत येते ती. तिबेटी परंपरा म्हणते की साधकाला गाढ झोपेतही एक विषयरहित, स्वच्छ जाणीव ओळखता येते. तिला ते प्रभास्वर म्हणतात.

यात मजा अशी की दोन्ही बाजूंना अडचण आहे. बाहेरून बघणाऱ्याकडे पुरावा काय, तर उठवल्यावर माणूस म्हणतो 'काही नव्हतं'. पण काही नव्हतं, की होतं आणि आठवत नाही? हा फरक ईईजीवर दिसत नाही. आतून बघणाऱ्याचीही तीच गत. 'मी गाढ झोपेत जागृत होतो' हे तोही उठल्यावरच सांगतो. झोप हलकी झाली असेल आणि त्याला ती गाढ वाटली असेल, तर?

२०१३ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या गटाला दिसलं की दीर्घकाळ ध्यान करणाऱ्यांच्या संथ झोपेतही मेंदूच्या मागच्या बाजूला वेगवान गॅमा लहरी इतरांपेक्षा जास्त आहेत. २०१७ साली त्याच विद्यापीठातल्या जूलिओ टोनोनी, फ्रान्चेस्का सिक्लारी आणि सहकाऱ्यांनी लोकांना रात्रीतून अनेकदा उठवून विचारलं आणि दाखवलं की स्वप्न असलं की मेंदूच्या मागच्या भागात संथ लाटा कमी होतात, मग झोप रेम असो वा नसो. म्हणजे सगळा मेंदू एकाच वेळी 'झोपला' किंवा 'जागा' असतो ही कल्पनाच मोडली. काही तत्त्वज्ञ आणि स्वप्नसंशोधक आता स्वप्नविरहित झोपेचे प्रकार पाडायला हवेत असं म्हणतात. हा प्रश्न धसास लावायला तिबेटी साधकांच्या वर्णनांनी मदत केली, हे मला या संवादाचं सगळ्यात ठोस फळ वाटतं. कोण बरोबर ते अजून ठरायचंय.

हे तर मांडुक्य उपनिषदातलंच झालं. जागृती, स्वप्न, सुषुप्ती म्हणजे गाढ झोप, आणि त्यापलीकडची चौथी अवस्था तुरीय.

गोदाघाटावर हा प्रश्न येणारच. अवस्थांची विभागणी मिळतीजुळती आहे, आणि दोन्ही परंपरा एकाच मातीतल्या. पण उपनिषद त्या सगळ्या अवस्थांच्या मागे एक न बदलणारा आत्मा ठेवतं, आणि बौद्ध परंपरा तोच काढून टाकते. भवंगसुद्धा क्षणाक्षणाला नवा. वाद जुना आहे, दोन्हीकडच्या आचार्यांनी तो शतकानुशतकं घातलाय. 'शेवटी सगळं एकच' म्हणून तो मिटवणं मला दोघांवरही अन्याय वाटतो.

स्वप्नात 'हे स्वप्न आहे' असं कळू शकतं का?

हो, निम्म्याहून अधिक लोकांना आयुष्यात एकदा तरी. याला ल्युसिड ड्रीम म्हणतात. आपण म्हणू, भानावरचं स्वप्न.

शास्त्रज्ञांचा बराच काळ यावर विश्वास नव्हता. माणूस मध्ये जागा होत असेल, असं म्हणायचे. मग इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांना युक्ती सुचली. रेममध्ये सगळं शरीर लुळं असतं, पण डोळे हलतात. मग स्वप्नात भान आलं की ठरलेल्या पद्धतीने डोळे डावी-उजवीकडे फिरवायचे. एप्रिल १९७५ मध्ये अ‍ॅलन वर्स्ली या गृहस्थांनी झोपेतून ती खूण केली आणि ती कागदावर उमटली. स्टॅनफर्डमध्ये स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे तेच करून १९८१ मध्ये प्रसिद्ध केलं आणि विषय मार्गी लागला.

२०२१ मध्ये गोष्ट आणखी पुढे गेली. अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्समधल्या चार प्रयोगशाळांनी ३६ जणांना *झोपेतच* प्रश्न विचारले. एका तरुणाला आठातून सहा गेले किती, असं विचारलं. त्याने रेम झोपेतून डोळे दोनदा डावी-उजवीकडे फिरवले. प्रत्येक वेळी असं झालं नाही. बरोबर उत्तरं सुमारे १८ टक्के प्रयत्नांत आली, बहुतेकदा उत्तरच आलं नाही. पण एकदा जरी आलं तरी विचार करा, स्वप्नाच्या आत बसलेला माणूस बाहेरच्याशी बोलतोय.

ध्यान आणि मेंदूविज्ञान यांच्या गप्पांत नेहमीची रड ही असते की एकाला आतलं दिसतं, दुसऱ्याला बाहेरचं, आणि दोघांची भेट सकाळी उठल्यावर, आठवणींच्या भरवशावर. डोळ्यांच्या या खुणेने ती भेट झोपेतच घडवली. म्हणून मला कोणी विचारलं की या सगळ्यात भरवशाचं काय, तर मी गॅमा लहरींच्या आधी या डोळ्यांच्या खुणा सांगते. तारा लावणाऱ्या बाईला त्याचं अप्रूप जरा जास्तच असणार, ते सोडून द्या.

तिबेटी स्वप्नयोग म्हणजे हेच का?

सुरुवात सारखी, हेतू वेगळा. स्वप्नयोग हा नारोपा या भारतीय सिद्धाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 'नारोपाच्या षड्योगां'पैकी एक आहे. स्वप्नात भान येणं ही त्यातली पहिली पायरी. मग स्वप्नातल्या वस्तू बदलायच्या, लहानाचं मोठं करायचं, भीतिदायक गोष्टीला सामोरं जायचं. आणि त्यातून उमगायचं की जागेपणीचं जगही आपल्याला वाटतं तितकं घट्ट नाही. त्यासाठी दिवसभर 'हे सगळं स्वप्नासारखं आहे' ही आठवण ठेवण्याचा सराव असतो. पाश्चात्त्य हौशी मंडळींना स्वप्नात उडायचं असतं. साधकाला उडण्यात फारसा रस नसतो.

बाबासाहेबांच्या धम्मात आत्मा नाही, मग हे स्वप्नयोग आणि प्रभास्वर कुठून आलं?

हा प्रश्न आमच्या गटात सगळ्यात तळमळीने विचारला जातो. येवला आपल्याच जिल्ह्यातलं. १३ ऑक्टोबर १९३५ ची बाबासाहेबांची घोषणा तिथली. त्यामुळे इथल्या बहुतेक घरांत बौद्ध म्हणजे बाबासाहेबांचा धम्म. आत्म्यावरच्या विश्वासाला त्यांनी अधम्मात टाकलं, पुनर्जन्माचा अर्थही आत्म्याच्या प्रवासाविना लावला, आणि बुद्धीला पटेल तेच धरलं.

धरमशाळेतल्या बैठका मुख्यतः तिबेटी वज्रयानाशी झाल्या. तिथे तंत्र आहे, सूक्ष्म देह आहे, पुनर्जन्म घेणारे लामा आहेत. आत्मा तेही मानत नाहीत, पण सूक्ष्म जाणिवेचा प्रवाह मृत्यूनंतर चालू राहतो असं मानतात. तेव्हा बातमीत 'बौद्ध धर्म आणि विज्ञान' असं वाचलं की आधी विचारा, कोणता बौद्ध धर्म? दलाई लामांनी एक गोष्ट अनेकदा सांगितलीय, की विज्ञानाने एखादा बौद्ध दावा निःसंशय खोटा ठरवला तर तो सोडायला हवा. बाबासाहेबांना ही अट आवडली असती, असं आमच्यातले एक निवृत्त गुरुजी म्हणतात. मलाही तसंच वाटतं.

इगतपुरीला दहा दिवस बसले तर भयंकर स्वप्नं पडली. संस्कार वर येतात म्हणे?

इगतपुरीच्या धम्मगिरीचं विपश्यना शिबिर केलेल्या निम्म्या लोकांचा हा प्रश्न असतो. मी स्वतः केलंय आणि चौथ्या रात्री माझी बारावीची परीक्षा पुन्हा झाली, कोऱ्या पेपरसकट.

'संस्कार वर येतात' ही परंपरेची भाषा आहे, ती मी तिच्या जागी ठेवते. झोपेच्या बाजूने साधी गोष्ट बघा. तिथे पहाटे चारला घंटा होते. रात्री दहाला झोपलात तर चार म्हणजे रेमच्या ऐन भरात. आम्ही लॅबमध्ये मुद्दाम जे करतो, रेममधून उठवणं, तेच ती घंटा रोज करते. त्यात फोन नाही, बोलणं नाही, त्यामुळे उठल्यावर स्वप्न पुसून टाकायला काहीच नसतं. नवी जागा, रात्रीचं जेवण नाही, दिवसभर बसून झोपही हलकी झालेली. स्वप्नं वाढतात की आठवणं वाढतं, हे सांगणं अवघड. मला आठवणं वाटतं.

आपल्याकडचा एक अभ्यासही आहे. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये विपश्यना करणाऱ्यांची झोप तपासली, तेव्हा वयाबरोबर कमी होणारी गाढ झोप साधकांत बरीच टिकून असल्याचं दिसलं. ध्यानामुळेच तसं झालं, की मुळात चांगली झोप असणारेच ध्यानात टिकतात, हे अशा तुलनेतून कळत नाही.

रात्री छातीवर कुणीतरी बसतं, ओरडता येत नाही.

रेमचा लुळेपणा जाग आल्यावरही काही क्षण रेंगाळला की असं होतं. भूत नाही. उताणं झोपू नका, जागरण टाळा. वारंवार होत असेल आणि दिवसाही अनावर पेंग येत असेल तर दाखवून घ्या.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलं, 'विज्ञानाने बौद्ध ध्यान सिद्ध केलं'. खरं का?

'सिद्ध केलं' दिसलं की मी आधी किती माणसांवर ते विचारते. गाजलेला २००४ चा अभ्यास घ्या. विस्कॉन्सिनचेच मेंदूसंशोधक रिचर्ड डेव्हिडसन यांच्या प्रयोगशाळेत आठ दीर्घ साधक, प्रत्येकाचं ध्यान १०,००० ते ५०,००० तासांचं, आणि तुलनेला दहा विद्यार्थी. साधकांच्या गॅमा लहरी खूपच जोरकस होत्या. निष्कर्ष महत्त्वाचा, पण आठ माणसं म्हणजे आठच. शिवाय गॅमा ही ईईजीतली सगळ्यात फसवी पट्टी. कपाळाला आठी पडली, जबडा आवळला, डोळा फिरला तरी स्नायूंची वीज त्यात मिसळते. भानावरच्या स्वप्नांतल्या गॅमाबद्दलही ही शंका घेतली गेलीय. मी रोज पेशंटला 'दात आवळू नका' सांगते ते उगाच नाही.

आता न फॉरवर्ड होणारा अभ्यास सांगते. काही तिबेटी साधकांचा देह मृत्यूनंतर अनेक दिवस ताजा राहतो, कारण ते 'तुकदम' नावाच्या ध्यानात असतात, अशी श्रद्धा आहे. डेव्हिडसन यांच्याच गटाने अशा १३ जणांच्या डोक्याला मृत्यूनंतर तारा लावल्या आणि २०२१ मध्ये निकाल छापला: मेंदूची कसलीही हालचाल आढळली नाही. मोजमाप मृत्यूनंतर बऱ्याच उशिरा सुरू झालं होतं, हेही त्यांनीच लिहिलंय. ज्यांना ध्यानाबद्दल ओढ आहे त्याच लोकांनी नकारार्थी निकाल छापला, म्हणून मला या मंडळींचा भरवसा वाटतो.

उलट बाजूही आहे. २००५ मध्ये दलाई लामांना मेंदूशास्त्रज्ञांच्या वॉशिंग्टनमधल्या अधिवेशनात बोलावलं तेव्हा शेकडो संशोधकांनी विरोधात सह्या केल्या होत्या. भाषण झालंच.

मी घरी काही करून बघू का?

स्वप्नवही ठेवा. उशाशी वही-पेन, आणि जाग आल्यावर हलायच्या आधी जे आठवेल ते दोन शब्दांत. मोबाइल हातात घेतलात की गेलं. आठवडाभरात आठवण वाढते.

मेत्ता, म्हणजे मैत्रीभावनेचं ध्यान, करून झोपायचं असेल तर जरूर करा. अंगुत्तरनिकाय या सुत्तसंग्रहात तिचे अकरा फायदे दिलेत. सुरुवातीचेच तीन म्हणजे सुखाने झोप लागते, सुखाने जाग येते, वाईट स्वप्नं पडत नाहीत.

भानावरच्या स्वप्नांसाठी मात्र मध्यरात्री गजर लावून उठायच्या क्लृप्त्या सांगतात. त्या पाळीत काम करणाऱ्यांनी, गाडी चालवणाऱ्यांनी, आणि ज्यांना आधीच खरं काय, भास काय याचा गोंधळ होतो किंवा मानसिक आजाराची औषधं चालू आहेत त्यांनी करू नयेत. सातपूर-अंबडच्या नाइट शिफ्टवाल्यांची झोप आधीच तुटकी असते, ती आणखी तोडण्यात अर्थ नाही.

पांडवलेण्यांत स्वप्नाचं एखादं शिल्प आहे का?

मायादेवीचं हत्तीचं स्वप्न बघायचं असेल तर अजिंठ्याच्या लेणी क्रमांक २ मध्ये जावं लागेल. आपल्या त्रिरश्मी डोंगरावरच्या २४ लेण्यांत शिलालेख भारी आहेत, पण ते व्यवहाराचे. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात लिहितो की त्याने ३००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेव म्हणून ठेवले, २००० दरमहा शेकडा एकाने आणि १००० पाऊण टक्क्याने. त्यातल्या २००० च्या व्याजातून इथे वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण मिळायचे.

ते भिक्खू ज्या कोठड्यांत झोपायचे तिथले दगडी ओटे अजून आहेत. मी एकदा एकावर आडवी झाले होते. पाच मिनिटांत रखवालदाराने उठवलं. जायचं असेल तर ऊन चढायच्या आत जा, पायऱ्या बऱ्याच आहेत, आणि बॅटरी न्या. आतल्या कोठड्यांत अंधार असतो.